सूचीतलं पान उघडून दाखवा

महाविद्यालयीन प्रकल्पांच्या वह्यांचं शेवटचं पान आधी बघा. दहा पुस्तकांची संदर्भसूची असते, आणि ती शेजारच्या वहीतही तशीच असते, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्यातली कित्येक पुस्तकं ग्रंथालयातून कुणी नेलेलीच नसतात. हे मार्गदर्शकांच्या लक्षात येत नाही, असं मला कुणी सांगू नये. लक्षात येतं, तरी सही होते.

मुलांना बोल लावणं सोपं आहे. पण ‘ग्रंथालयात जाऊन संदर्भ बघा’ यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलंय का? कपाटांना कुलूप, आणि हवं ते पुस्तक चिठ्ठीवर लिहून खिडकीत द्यायचं. पुस्तकाचं नावच ठाऊक नसेल, तर चिठ्ठीवर काय लिहायचं? ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ हे रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र. ग्रंथपाल होणारा प्रत्येक जण ते शिकतो. कुलूप तरीही निघत नाही.

समजा, विषय आहे पुण्यातला १८९७चा प्लेग. बहुतेक वह्या २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. शिकवणाऱ्याने मुलांना आधी मराठी विश्वकोशाकडे न्यावं आणि नोंदीच्या तळाशी दिलेले संदर्भ उतरवून घ्यायला लावावेत. मग शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढावी. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं एका माणसाने हुडकून विषयवार लावली, हे बघूनच मुलं चकित होतील. त्यानंतर ‘केसरी’च्या त्या वर्षीच्या फायली, त्याही जूनच्या आधीच्या. प्लेगचे रोगी शोधण्यासाठी होणाऱ्या घरझडत्यांबद्दल लोक काय म्हणत होते, ते तिथे आठवड्यामागून आठवडा छापलेलं आहे. ते वाचलेल्या मुलाला गोळीच्या आधीचं पुणे कळतं, आणि मग त्याची वही शेजाऱ्यासारखी होऊच शकत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संदर्भसूचीला वेगळे गुण ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक आणि पुस्तक कुठे पाहिलं ते लिहायला लावा. तोंडी परीक्षेला सूचीतलं कुठलंही एक पुस्तक टेबलावर मागवा आणि पान उघडायला सांगा. सूचीतलं एकही पुस्तक मुलाने पाहिलेलं नसेल, तर पहिला प्रश्न सही करणाऱ्याला विचारा.