चावी आपल्याकडे आहे: दिल्लीत प्रॉपर्टी डीलर होऊ घातलेल्यांसाठी

सर्वप्रथम नाव बदलून घ्या. पुण्यात तुम्ही एजंट होता. गावाकडे सोयरिकीच्या बैठकीत मामा आवाज खाली आणून ‘दलालीचं बघतो’ म्हणत असतील. दिल्लीत तुम्ही प्रॉपर्टी डीलर, आणि महिपालपूर ओलांडून गुरुग्रामात शिरलात की रिअल इस्टेट कन्सल्टंट. काम तेच. पाटीवर एखाद्या देवाचं नाव घाला आणि पुढे ‘अँड असोसिएट्स’ लिहा. असोसिएट कोण, असं कुणी विचारत नाही. माझ्या बाबतीत तो शेजारचा झेरॉक्सवाला आहे.

मी विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं सोनंचांदी गाळायला देशभर पांगली, तसे माझे मामा करोल बागेत आले. मला भट्टीचा धूर सोसेना, म्हणून त्यांनी ओळखीच्या एका डीलरकडे बसवलं. ‘नुसतं बसायचं तर आहे,’ म्हणाले. ते नुसतं बसणं शिकायला मला चार वर्षं लागली.

साहित्य फारसं लागत नाही. दहा बाय आठचा गाळा, काचेचं दार, रेक्झिनचा सोफा, पाण्याच्या बाटल्यांचा बुटका फ्रिज. खरं भांडवल म्हणजे चाव्यांचा फळा. प्लायवूडचा तुकडा, त्यावर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्याला एक चावी आणि चावीला मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चकती. चकतीवर पत्ता कधीही पूर्ण लिहायचा नाही, कारण समोरच्या मार्केटातला डीलर ‘जरा पाणी पितो’ म्हणून येतो आणि घोट घेताघेता फळा वाचून जातो. माझ्या चकत्यांवर ‘जे, जिना, कुत्रा’ किंवा ‘पार्कसमोर, मेजरसाहेब’ एवढंच असतं. मालक लोक एकाच घराची चावी चार डीलरांना देऊन ठेवतात, त्यामुळे शर्यत असते. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. पार्टी दारात आली की पहिलं वाक्य भावाचं किंवा खोल्यांचं नसतं. ‘चाबी अपने पास है जी.’ एवढं ऐकलं की पार्टी सोफ्यावर टेकते.

मोजमापं पाठ करा. इथं गज चालतो. एक गज म्हणजे नऊ चौरस फूट, म्हणजे आपला एक गुंठा 121 गजांचा. दोनशे गजांची कोठी म्हटल्यावर तुमचा चेहरा हलता कामा नये. हरियाणात शेताचा विषय निघाला की किल्ला निघतो. तो एक एकराचा असतो, त्यावर चढायचं नसतं. सातबारा मात्र विसरा. हरियाणात फर्द मागा, उत्तर प्रदेशात खतौनी, आणि दिल्लीत जे समोर ठेवतील ते खालच्या बाजूने वाचायला घ्या.

दिल्लीचे कागद असे का, हे थोडं मुळापासून सांगतो, कारण पार्टी विचारते आणि नवशिका गप्प बसतो. 1946 साली चौधरी राघवेंद्र सिंह यांनी डीएलएफ काढली. कृष्णा नगर, मॉडेल टाउन, राजौरी गार्डन, साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलाश, हौज खास या वसाहती खासगी माणसाने प्लॉट पाडून विकलेल्या आहेत. 1957 मध्ये डीडीए आलं आणि शहर वाढवण्याचं काम सरकारने स्वतःकडे घेतलं. खासगी बिल्डर पुढे गुडगावच्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, आणि दिल्लीकर सोडतीची वाट बघत बसले. सोडतीत लागलेलं घर विकायला मोकळीक नव्हती, पण विकायचं तर होतं. मग वकिलांनी वाट काढली: मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा जुडगा. विकणारा ठणठणीत, हसतमुख माणूस तुमच्याशी पहिल्यांदाच हात मिळवतो आणि लगेच तुमच्या नावे मृत्युपत्र करून देतो. त्याने पैसे मोजून घेतलेले असतात, म्हणून डोळे पाणावत नाहीत.

11 ऑक्टोबर 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखतच हवं. त्या आठवड्यात आमच्या मार्केटात दहावीच्या निकालानंतर नापासांच्या घरी असते तशी शांतता होती. मग कोणीतरी चहा मागवला आणि धंदा सुरू झाला.

याशिवाय लाल डोरा आहे. 1908 च्या सुमारास इंग्रजांनी गावठाणाभोवती नकाशावर लाल रेघ मारली, आणि रेघेच्या आत इमारत बांधायचे नियम ढिले राहिले. शाहपूर जाट, हौज खास गाव या अशा रेघेच्या आतल्या जागा. शिवाय अनधिकृत वसाहती. त्यांतल्या 1,731 वसाहतींमधल्या रहिवाशांना हक्क देण्यासाठी 2019 मध्ये केंद्राने योजना आणली. नवशिक्याने ‘अनधिकृत’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘पास होने वाली है’ म्हणायचं. हे वाक्य माझ्या आधीचे डीलर म्हणत आलेत, त्यामुळे ते खोटं आहे असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही.

परवान्याचा धडा खरं तर आधी हवा होता, पण आमच्याकडे तो उशिराच शिकवतात. नोएडात निळ्या लाइनच्या मेट्रोत बसा, राजीव चौकात पिवळी पकडा, गुरुग्रामात उतरा. एवढ्या वेळात तुम्ही तीन सरकारं, तीन रेरा प्राधिकरणं आणि तीन मुद्रांक शुल्कं ओलांडलेली असतात. 2016 च्या रेरा कायद्यात नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर एजंटाची नोंदणीही लागते. नसेल तर दिवसाला दहा हजार रुपये दंड. महाराष्ट्राने 2023 पासून एजंटांची परीक्षासुद्धा घ्यायला सुरुवात केली. जुनी घरं आणि भाड्याची घरं या तरतुदीत येत नाहीत. आमच्या मार्केटातली बरीच मंडळी जुन्या घरांवर इतकं प्रेम का करतात, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. नोएडात जमीन प्राधिकरणाची आणि पट्टा 90 वर्षांचा, हे पार्टीला सांगा. बहुतेक पार्ट्या साठीच्या असतात, मनातल्या मनात हिशेब करून खूश होतात. दिल्लीत आणि हरियाणात बाईच्या नावे खरेदी केली तर मुद्रांक शुल्क कमी पडतं. म्हणून घर दाखवताना नवऱ्याशी कमी आणि बाईंशी जास्त बोला. स्वयंपाकघराची खिडकी आधी उघडा.

आता मुख्य काम. लोक समजतात डीलर घर दाखवतो. घर काय, कुणीही दाखवेल. डीलर मालक आणि पार्टी या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवतो. विक्रीत दोन्हीकडून एकेक टक्का, भाड्यात पंधरा दिवस ते महिन्याचं भाडं, आणि ही सगळी कमाई त्या दोघांनी एकमेकांचा नंबर घेतलेला नाही या एका गोष्टीवर उभी असते. दोघांना एका लिफ्टमध्ये चढू देऊ नका. मालक घर दाखवायला स्वतः आला तर त्याला गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवायला घेऊन जा. भाव तुटत नसेल तर पार्टीला सोफ्यावर बसवा आणि ‘मालकाशी बोलून बघतो’ म्हणून बाहेर जा. काचेच्या दारापलीकडे हातवारे करत, कपाळाला हात लावत बोलायचं. मी अशा वेळी बहुधा बायकोला फोन करतो. ती बिचारी तिकडून विचारते, भाजी काय आणताय? मी म्हणतो, ‘नहीं सर, इतने में नहीं होगा.’ आत येऊन थंड बाटली उघडतो आणि दोन लाख कमी करून आणल्याचं सांगतो. मालकाने ते सकाळीच कमी केलेले असतात.

सौदा ठरला की बयाना. रक्कम गोल नसते. एक लाख एक हजार, पाच लाख एक हजार, अशी शेपूट लावलेली. साध्या कागदावर चार ओळी, दोन साक्षीदार (पैकी एक झेरॉक्सवाला), आणि लाडवांचं खोकं. पार्टी मागे हटली तर बयाना बुडाला, मालक हटला तर दुप्पट परत, अशी रीत. उरलेल्या पैशाचे दोन भाग कधी कधी असतात, एक कागदावरचा आणि एक पिशवीतला. दिल्लीत वसाहतींच्या ए ते एच अशा आठ वर्गवाऱ्या करून सरकारने किमान दर ठरवलेले आहेत आणि बाजाराचा दर त्यांना विचारून चालत नाही. पिशवी उघडण्याच्या प्रसंगी डीलरने चहा सांगायला बाहेर जायचं असतं. या विषयावर मला एवढंच माहीत आहे, कारण मी चहा सांगायला बाहेर होतो.

ऋतू सांभाळा. पितृपक्षात कोणी बयाना देत नाही, तेव्हा गावी जाऊन या. जुलैत तळमजला दाखवू नका, आणि यमुनेकाठच्या वसाहती तर मुळीच नाहीत. 13 जुलै 2023 ला नदी 208.66 मीटरवर गेली, इतकी ती नोंदीत कधी चढली नव्हती. तो आकडा पार्ट्यांना मोबाइल नंबरासारखा पाठ आहे. नोव्हेंबरात बाल्कनी दाखवू नका. दिसत काहीच नाही आणि पार्टी खोकते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींत बिल्डर जास्त कमिशन देतो, म्हणून नवशिके तिकडे धावतात. मीही धावलो होतो. 28 ऑगस्ट 2022 च्या दुपारी नोएडाच्या सेक्टर 93ए मधले ते दोन टॉवर, एक 32 मजली, दुसरा 29, स्फोटकं लावून पाडले. तिथल्याच रहिवाशांनी न्यायालयात वर्षानुवर्षं लढून तो निकाल मिळवला होता. आमच्या दुकानात टीव्हीसमोर वीसएक माणसं जमली होती. काही सेकंदांत धुळीचा डोंगर झाला आणि कोणीतरी टाळी वाजवली. त्या इमारतींत मी एकही फ्लॅट विकलेला नव्हता. यात माझं शहाणपण काही नाही, मला तिथं कुणी उभं केलं नव्हतं. पण दुसऱ्या एका प्रकल्पात मी एका निवृत्त हेडमास्तरांना फ्लॅट घेऊन दिला होता. धूळ खाली बसायच्या आत त्यांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘आपला उभा तरी राहील ना?’ तो अजून सातव्या मजल्याच्या सळयांपर्यंतच आहे. ते वर्षातून दोनदा फोन करतात, दिवाळीला आणि मार्चमध्ये, आणि मी उचलतो. कमिशन मी कधीच खाऊन बसलोय.

भाड्याच्या घरांत करार 11 महिन्यांचा करा, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. (महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदवावंच लागतं, ते ऐकून इथले मालक आपल्याला दया दाखवतात.) मालकाच्या अटी मात्र कागदावर नसतात. वकील नको, पोलीस नको, पत्रकार नको, एकटी मुलगी नको, एकटा मुलगा तर नकोच, मांसमच्छी नको. मालक हे स्वतः पार्टीला बोलत नाही. ते बोलायला त्याने तुम्हाला ठेवलंय.

एकदा परभणीचा एक मुलगा आला. चांगली नोकरी, आणि इतकं गोड मराठी की मी फ्रिजमधली बाटली सोडून त्याच्यासाठी चहा मागवला. घर त्याला आवडलं. मी मालकाला फोन लावला, या वेळी खराखुरा. मालकाने पगार विचारला नाही, नाव विचारलं. मी नाव सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग ‘कह दो निकल गया.’ मी आत येऊन म्हणालो, घर गेलं रे, आत्ताच गेलं. त्याने माझ्या डोक्यामागच्या फळ्याकडे पाहिलं. ‘पार्कसमोर, मेजरसाहेब’ ही चावी तिथंच होती, आत्ताच मी तिला खिळ्यावर परत लावली होती आणि ती अजून हलत होती. त्याने चहा संपवला, कप उचलून बाहेर ट्रेमध्ये ठेवला आणि ‘येतो दादा’ म्हणून गेला. या प्रसंगी काय करायचं ते या मार्गदर्शिकेत नाही.

शेवटची सूचना मराठी पार्टीबद्दल. टाळा. मयूर विहारमध्ये एका आजींची वरची खोली होती. मी नागपूरचं एक नवं जोडपं घेऊन गेलो आणि पाण्याची टाकी दाखवायची विसरलो. आजींनी विचारलं, माहेर कुठलं? मुलगी म्हणाली, रामटेक. आजींची थोरली बहीण रामटेकला दिलेली. पुढच्या दहा मिनिटांत वडा-भाताची कृती, दोन लग्नं आणि एकमेकींचे फोन नंबर देऊनघेऊन झाले, आणि मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभा. कमिशनचा विषय काढला तर आजी म्हणाल्या, ‘अहो, ती तर आमचीच निघाली, आता तिच्याकडून काय घ्यायचं?’ आणि मला स्टीलच्या डब्यात शंकरपाळे दिले. डबा परत आणायला सांगितला.

आता त्या मे महिन्यात मुलीकडे नाशिकला जातात आणि घराची चावी माझ्याकडे ठेवून जातात. खिळा क्रमांक 14, चकती कोरी. भर उन्हात दमून आलेली पार्टी फळा बघते आणि विचारते, ही कुठली?

‘निकल गया जी,’ मी सांगतो आणि फ्रिज उघडतो.