शिरा परत का आला

वहिनी, जरा जास्वंदीपाशी या हो. मोठ्याने बोलायला नको, सूनबाईचा आत्ताच डोळा लागलाय. तुमचा राग माझ्या कानावर आलाय. शिऱ्याचा डबा म्हणे आम्ही न उघडताच परत धाडला. अहो, उघडला होता. मीच उघडला, मीच दोन चमचे खाल्ले. बेदाणे, बदाम, तूप, कुठे म्हणून हात आखडला नव्हता तुम्ही. तेच तर नडलं.

तिला गोड सोसत नाही. पोटाचा बायपास झालाय ना तिच्या. साखरेचं काही गेलं की ते झरकन आतड्यात उतरतं आणि मग धडधड, घाम, चक्कर. दिवाळीत अर्धी करंजी खाल्ली होती, तर कपाळावर घामाचे थेंब आणि हात बर्फासारखे गार. तेव्हापासून मी तिच्या ताटात गोड वाढत नाही. तुमच्या शिऱ्याशी काही वैर नाही हो.

आणि "पिशवी काढली" हे कोणी पसरवलं? सोमवारी खिडकाळीला महादेवाच्या देवळात एक बाई माझा हात धरून म्हणाली, "एवढ्या लवकर पिशवी? अजून मूल व्हायचं होतं ना?" मी म्हटलं, बाई, पित्ताची पिशवी! यकृताखाली असते ती. हात सोडला तिने, पण तोंड जरा पडलंच बिचारीचं. बातमी निम्म्यावर आली ना.

काय म्हणालात? पहिल्या ऑपरेशनची फळं? हे मात्र तुमच्या तोंडी नको, वहिनी. गडकरीसाहेबांनी २०११ साली वजनाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा सगळे वा वा म्हणाले. आमच्या सुनेने केलं तर "तोंडावर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं". तिची शुगर, तिचे गुडघे, कल्याण फाट्यावर बसच्या पायरीवर पाय ठेवताना होणारी तिची दशा, हे कोणी पाहिलं नाही.

आता ऐका, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. वजन भराभर उतरलं की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं. इकडे खाणं चार घास. पिशवी आकसायची तर पोटात तेलतूप जावं लागतं. ते नाही, मग पित्त आत साचून राहतं आणि खडे धरतात. ऑपरेशन चुकलं म्हणून नव्हे. नुसती उपासमार करून झटपट बारीक होणाऱ्यांनाही होतात.

त्यावर सहा महिने घ्यायची गोळी असते. नाव भलतं लांब, उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. फार्मसी शिकणाऱ्या पुतण्याने पाठ करून घेतलं माझ्याकडून. त्यानेच वाचून दाखवलं, अमेरिकेत १९९५ साली अभ्यास छापून आला होता. पोटाचा बायपास झालेल्यांत खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ३२ जणांना सहा महिन्यांत खडे झाले, आणि रोज ६०० मिलिग्रॅमची खरी गोळी घेणाऱ्यांत फक्त दोघांना. आमच्या बाईसाहेबांनी दोन महिन्यांत सोडली. "दुखत तर काहीच नाही, मग गोळी कशाला?" आणि मग दुखलं ते रात्री अडीचला.

नाही हो, कुळथाचं कढण नको. ते मुतखड्याला देतात, पित्ताचे खडे त्याने विरघळत नाहीत. आणि तुम्ही दिलेली दुखण्याची गोळीही मी डब्यात ठेवून दिलीय. बायपासवाल्यांना त्या जातीच्या गोळ्यांनी आत जखम होते. साधी पॅरासिटामॉल तेवढी चालते.

थांबायचं का नाही, तेही विचारलं मी. खडा नळीत सरकला तर एरवी तोंडातून दुर्बीण घालून काढतात. हिची आतली वाटच बदललेली, दुर्बीण तिथवर पोचवणं महाकठीण. म्हणून लगेच उरकलं. चार बारीक छेद, बस्स. माझ्या आत्याचं झालं तेव्हा बरगडीखाली वीतभर टाके होते, पंधरवडाभर बाई वाकडी चालायची. आमचे हे तेव्हा जेजेत रेकॉर्डला होते. ते सांगतात, १९९० मध्ये तिथेच डॉ. तेहेमटन उदवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं देशातलं पहिलं ऑपरेशन केलं. पुढे पद्मभूषण मिळालं त्यांना.

ऑपरेशनचं काही नाही हो, खरं हाल झाले ते घरी येताना. मानपाड्यापासून रस्ता म्हणजे मेट्रोचे पत्रे, खड्डे आणि कंटेनर. पोटाशी उशी घट्ट धरून बसली होती पोरगी, आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाला आधीच ओरडायचा, "ताई, धरा!" भला माणूस. बीकेसीपासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा खणतात, त्यातला सात किलोमीटर समुद्राखालून, आणि वर कटईचा खड्डा काही बुजत नाही!

घरी आल्यावर पोटाचं राहिलं बाजूला, खांदा धरून बसली. मी घाबरले. पण पोट फुगवायला आत वायू भरतात, त्याची कळ खांद्यात निघते म्हणे. चालायला लावलं, दोन दिवसांत उतरली. आता मुगाचं पातळ कढण, अंड्याचा पांढरा, चमचा चमचा पनीर. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. फोडणीचं तेल जरा जास्त झालं की संडासला पळते. पित्त साठवायला जागा नाही, सारखं आतड्यात ठिबकतं. होईल सवय. लोह, बी-ट्वेल्व्ह, कॅल्शियम मात्र जन्मभर. बादली उचलायची नाही, म्हणून हंडाकळशी सध्या माझ्या लेकाच्या कमरेवर. त्याचं ध्यान बघायला गच्चीवर या एकदा.

काय? तुम्हालाही? वडे खाल्ले की रात्री उजव्या बरगडीखाली, आणि पार पाठीत पात्यापर्यंत? आणि तुम्ही ओवा चावत बसलात? वहिनी, उद्याच्या उद्या सोनोग्राफी. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर उद्याचीसुद्धा वाट बघायची नाही, सांगून ठेवते. भावोजींना मी सांगू का?

थांबा, फोन वाजतोय. हं, बोल रे. कुठे? कल्याण फाट्यालाच अजून?... अडकलाय वहिनी, ट्रक आडवा झालाय तिथे. म्हणजे तासाभराची निश्चिंती. ते तुम्ही मघाशी वरच्या आळीतल्या साखरपुड्याचं काय सांगत होता?