मधपेटीतले कोळी कसे मोजावेत: नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य: मेलिफेरा माश्यांनी भरलेली एक पेटी, रुंद तोंडाची बरणी, तिच्या तोंडाला बसवायला जाळी, घमेलं, पांढरी थाळी, तांब्याभर पाणी, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि ती दिवाळीच्या डब्यातून कुणाला न सांगता काढण्याची हिंमत. लागणारा वेळ: 10 मिनिटं. त्याआधीच्या मानसिक तयारीला एखादं वर्ष धरा. तेवढा काळ प्रत्येक नवशिका "आमच्या पेटीत नाहीत हो कोळी" असंच म्हणत असतो.

हा कोळी म्हणजे माळ्यावर जाळी विणणारा नव्हे. हा वरोआ. रंग विटकरी, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर, लांबी त्याहून कमी; भिंगाखाली धरला तर चपटा खेकडाच. मुळात हा आपल्या सातेरी मधमाशीचा भाडेकरू. पण सातेरी खमकी. अंगावरचा कोळी ती वेचून काढते, आणि त्याची वीण बहुतेक नरांच्या घरांपुरतीच राहते. मेलिफेराला अशी सवय नाही. जास्त मध देते म्हणून 1960च्या दशकात ती हिमाचल-पंजाबात आणून रुजवली, आणि या भाडेकरूने तिच्या घरात हातपाय पसरले. शास्त्रज्ञांनी 2000 साली त्याची स्वतंत्र ओळख पटवली आणि नाव ठेवलं 'डिस्ट्रक्टर'. बारशाला इतकं स्पष्ट बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता कृती. कोरड्या हवेचा दिवस निवडा. दमट हवेत साखरेचे गोळे होतात. काळा शर्ट नको. निघण्यापूर्वी केळं खाऊ नका. डंख मारलेली माशी जो धोक्याचा वास सोडते, त्यात केळ्याच्या वासाचंच द्रव्य असतं. एकादशीला मुळीच जाऊ नका.

धूर द्या, पेटी उघडा, आणि उघड्या अळ्या असलेली फळी उचला. मधाची फळी दिसायला देखणी, पण कोळ्याला मधात रस नाही. त्याला दाईमाश्या हव्या असतात, कारण त्यांच्या अंगावर बसून घरं बंद होण्याच्या सुमारास अळीपाशी पोचता येतं. फळीवर राणी नाही ना, हे दोनदा पाहा. मग तिसऱ्यांदा पाहा. राणी बरणीत गेली तर मोजायला कोळी राहतील, पण पेटी राहील की नाही सांगता येत नाही.

फळी घमेल्यात झटका. उडणाऱ्या माश्या उडून जातील. ज्या कोपऱ्यात गोळा होतील त्या आपल्या. त्यांतल्या अर्धा कप भरून बरणीत घाला. अर्ध्या कपात साधारण 300 माश्या मावतात. एकेक मोजत बसू नका, त्या हजेरी देत नाहीत. वर पिठीसाखर घाला, बरणी हळूहळू लोळवा, दोन मिनिटं सावलीत ठेवा. माश्या शंकरपाळ्यांसारख्या पांढऱ्या होतील आणि बरणीतून जो आवाज येईल तो आशीर्वादाचा नसेल. साखरेच्या भुकटीने कोळ्याचे पाय सुटतात. मग बरणी उलटी करून तोंडाच्या जाळीतून मिनिटभर थाळीत झटका, थाळीत पाणी शिंपडा. साखर विरघळते. राहतात ते विटकरी ठिपके. माश्या पेटीत परत सोडा. मैत्रिणी त्यांना चाटून साफ करतात.

आता जाळीबद्दल, कारण इथेच मी पेढे वाटले होते.

घरात खिडकीची डासांची जाळी उरली होती. तीच कापून बरणीला बसवली. थाळीत पडली ती फक्त साखर. एकही कोळी नाही! वस्तीवर पेढे वाटले, शेजारच्या डाळिंबवाल्याला "निगा ठेवावी लागते" असं सुनावलंही. दोन महिन्यांनी सकाळी पेटीसमोर पाहतो तर माश्या जमिनीवरून चालताहेत. उडत नाहीत, चालताहेत. एक तळहातावर घेतली. पंख होते, पण चुरगळून मुठीतून सोडलेल्या बसच्या तिकिटासारखे. हा पंख विद्रूप करणारा विषाणू, आणि तो पसरवतो आपला विटकरी भाडेकरू. डासांच्या जाळीतून डास आत येत नाही. तसाच त्याहून रुंद कोळी बाहेर पडत नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जाळीचं भोक तीन मिलिमीटरच्या आसपास हवं: कोळी पडेल, माशी पडणार नाही.

तेव्हापासून शून्य आलं की मला घाम फुटतो. माशी निरखून काही कळत नाही, कारण कोळी तिच्या पोटाखालच्या पट्ट्यांच्या फटीत दडून बसतो. पेटीत पिल्लं असतात तेव्हा निम्म्याहून जास्त कोळी तर बंद घरांत असतात, ते बरणीत येतच नाहीत. माश्यांचा गुंजारव ऐकून 'मस्त चाललंय' म्हणणारे जाणकार भेटतील. त्यांना चहा द्या, थाळी दाखवू नका.

हिशेब सोपा: आलेल्या आकड्याला तीनने भागा. उत्तर शंभर माश्यांमागचे कोळी. तीनच्या पुढे गेलं तर जाणकाराला विचारून उपचार सुरू करा, आणि औषधाच्या दिवसांत मधाच्या फळ्या पेटीवर ठेवू नका. 300 माश्या स्पिरिटमध्ये धुऊन मोजण्याची रीत जास्त अचूक आहे, पण त्यात त्या मरतात. चाळीस हजारांच्या पेटीला 300 परवडतात. माणसालाच परवडत नाही.

मोजणी महिन्यातून एकदा. आकडा कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहा, पुढची तारीखही आजच टाका. आणि थाळीतली साखर डब्यात परत ओतू नका.