स्थिर चित्रणाचा पदविन्यास

साधकाने प्रथम डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ अथवा त्याच्या जातकुळीतला एखादा कॅमेरा मिळवावा. २०२३ साली आलेले हे यंत्र १७९ ग्रॅमचे असून सदऱ्याच्या खिशात मावते. त्याच्या इवल्याशा मानेत तीन मोटरी असतात. हात डावी-उजवीकडे वळला, वर-खाली कलला किंवा तिरका झाला, की त्या उलट दिशेने फिरून भिंगाचा रोख ढळू देत नाहीत. दुकानदार इथेच थांबतो. आपण थांबू नये. कारण चालताना माणूस पावलागणिक उचकतो आणि त्यावर मोटरींकडे फारसा इलाज नाही. तो आपल्या गुडघ्यांत आहे.

म्हणून गुडघे किंचित वाकवावेत, आधी टाच टेकवून मग चवडा अलगद उतरवावा आणि कोपरे बरगड्यांशी धरावीत. काठोकाठ भरलेली ताकाची वाटी पंगतीतून नेल्यासारखे चालावे. चुलतभावाच्या वरातीपुढे उलट पावली चालताना ही मुद्रा विशेष खुलते. "ह्याच्या पोटात दुखतंय का गं?" असे आत्याने वहिनीला विचारले तरी खुलासा करू नये. आवाजही टिपला जातो.

गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात चालताना कॅमेरा स्थिर धरणारा स्टेडिकॅम घडवला, तेव्हा चालवणाऱ्याच्या अंगावर जाकीट आणि त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात असे. 'रॉकी' चित्रपटातली पायऱ्यांवरची धाव त्यावरच टिपलेली आहे. पावलांचा धक्का तो स्प्रिंगचा हात पचवी. खिशातल्या कॅमेऱ्यात तो हात गेला आणि त्याचे काम बिनपगारी आपल्या गुडघ्यांवर आले. ह्याला प्रगती म्हणावे.

सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल, तर शटर १/५० वर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातल्या ट्यूबलाइटचा लुकलुकाटही त्याने टळतो. भर उन्हात मात्र चित्र पांढरेफटक पडते; तिथे भिंगावर काळपट एनडी फिल्टर चढवावा आणि काकांनी "काच मळलीय" म्हणून रुमाल काढल्यास चपळाईने बाजूला व्हावे.

चेहऱ्याचा माग ठेवण्याची सोयही असते. तिला नवरी नेमून द्यावी, पण गर्दीत ती मधेच आचाऱ्याच्या मागे लागली तर रागावू नये.

मंगलाष्टके सुरू झाली की चालूच नये. भिंतीला पाठ लावून उभे राहावे. चित्र सर्वांत स्थिर तिथेच येते, शिवाय अक्षता मोटरीच्या फटीत जात नाहीत.