घाटात गाडी उकळल्यास पाळावयाचे नियम

गाडी तापायलाही योग जुळावे लागतात. मे महिन्यातला शनिवार, टळटळीत दुपार, खंबाटकी किंवा बोरघाट, पुढे दम खात चढणारा कांद्याचा ट्रक आणि मागच्या सीटवर सासरची माणसं. एरवी गुमान चालणाऱ्या इंजिनाचा काटा अशा वेळी तांबड्या रेघेकडे सरकू लागतो.

काट्याकडे दुर्लक्ष करून 'माथ्यावर पोचलो की उतरेल' असं पुटपुटत राहणं ही आपली जुनी रीत आहे. ती मोडावी. प्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत फेकतो, त्यामुळे इंजिनाला खरोखर थोडा दिलासा मिळतो. हे तत्त्व सासूबाईंना त्याच क्षणी समजावू नये. काटा तरीही हटला नाही, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावं. वाफा येत नसतील तरच बॉनेट उघडावं.

बॉनेट वर झालं की सल्लागार जमतात. त्यातले एक काका हमखास जुने फियाटवाले असतात. त्यांच्या मते रेडिएटरचं टोपण काढून पाणी ओतलं की विषय संपला. काकांना चहा पाजावा, टोपणाला हात लावू देऊ नये. ते टोपण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट काकांच्या तोंडावर उडतं. तापल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, धातूला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा तास थांबावं. बोरघाटात जुन्या रस्त्यावर असाल तर शिंगरोबाला नाणं वाहावं. बोरघाटाची वाट त्याने इंग्रजांना दाखवली अशी आख्यायिका आहे. गळती दाखवण्याचं काम मात्र त्याने पत्करल्याचं ऐकिवात नाही.

ती आपणच शोधायची. कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर गाडीखाली वाकून पाहावं. एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि बोटांना बुळबुळीत लागतं. पातळी ठीक असूनही गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते? मग पंख्यावर संशय घ्यावा: फ्यूज, रिले किंवा मोटर. उलट गावात शहाणी आणि हायवेवर तापट असेल, तर रेडिएटर चोंदलाय किंवा वॉटर पंप थकलाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरणाऱ्यांनी इथे खाली मान घालावी, क्षार आतल्या नळ्यांत बसतात. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

यावर गॅरेजात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "काढूनच टाकतो साहेब, आपल्या हवेत लागत नाही." लागतो. तो नसेल तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. नवा बसवायला सांगावं, आणि बसवेपर्यंत तिथून हलू नये.

बाटलीत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं, तर हेड गॅस्केट गेलं समजावं. मग 'हळूहळू नेऊ' हा विचार सोडून टोइंगवाल्याला फोन करावा. आणखी एक फसवा प्रकार: काटा एकाएकी खाली येतो. लोक आनंदाने पुन्हा गिअर टाकतात. कूलंट इतकं संपलेलं असतं की सेन्सरला ते लागतच नाही, म्हणून तो गप्प बसतो.

पंख्याचा फ्यूज पाणीपुरीच्या प्लेटपेक्षा महाग नसतो. वाकडं झालेलं हेड दुरुस्त करताना मात्र हप्ते आठवतात. तेव्हा घाटाला निघायच्या आदल्या दिवशी, इंजिन गार असताना, ती बाटली एकदा बघा.