सरळ रेघेवर शॉक

फरीदाबादला आत्याकडे गेलं की वैद्यकीय ज्ञानात भर पडते. 24 ऑगस्ट 2022 रोजी या शहरात 2600 खाटांच्या नियोजनाचं अमृता रुग्णालय सुरू झालं. पण आत्याचा विश्वास अजून ‘दिल मिल गये’मधल्या संजीवनी रुग्णालयावरच. 2007 ते 2010 चाललेल्या त्या मालिकेत डॉक्टर रिद्धिमा तीन नट्यांनी साकारली. पेशंटांचं काय झालं, आत्याला आठवत नाही. दुसरी रिद्धिमा बरी की तिसरी, यावर मात्र तिचं मत पक्कं आहे.

आता ती जुने भाग पुन्हा बघते. परवा पडद्यावर सरळ रेघ आली. “अगं, शॉक दे की!” आत्या ओरडली, हातातली मेथीची जुडी हलवत. मी म्हटलं, सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबतात, औषध देतात. “तू कधीपासून डॉक्टर झालास रे?”

1996 मध्ये अमेरिकेत तीन मालिका तपासल्या, तेव्हा हृदय थांबलेल्यांपैकी 75 टक्के पडद्यावर जागच्या जागी वाचत होते. खऱ्या रुग्णालयात इतकं यश कुठलं! लेखकाच्या हातगुणाला तोड नाही.

काका सोफ्यावरून पुटपुटले, “माझी बीपीची गोळी?”

“थांबा हो जरा, ऑपरेशन चाललंय.”

जाहिराती लागल्यावर गोळी मिळाली. पाणी त्यांनी स्वतः आणलं.