चि. बार्बी हिस, खोक्याविषयी

चि. बार्बरा मिलिसेंट रॉबर्ट्स ऊर्फ बार्बी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जन्म 1959 चा, म्हणजे खरं तर तुला 'श्रीमती' लिहायला हवं. पण साठी उलटली तरी चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, तेव्हा चिरंजीवच बरं.

पत्रास कारण, तुझं खोकं. वाढदिवसाला ते घरी येतं, दोन मिनिटांत फाडलं जातं, तुझे हातपाय बांधणाऱ्या तारांचे बारीक पीळ सोडवताना कुणीतरी मोठा माणूस वैतागतो आणि गुलाबी पुठ्ठा कचऱ्यात जातो. (काही घरांत तो 'असू दे, लागेल' म्हणून माळ्यावर चढतो, तो आजार वेगळा.) इतक्या अल्पायुषी वस्तूसाठी सुमात्रातलं जुनं जंगल लागावं, हा थाट मात्र तुलाच शोभतो हो!

2011 च्या जूनमध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने तुझ्या खोक्यांच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. पुठ्ठ्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले की झाडांची कुळी कळते. नुसत्या लागवडीच्या अकेशियाचा लगदा असेल, तर सगळी मंडळी एकाच घराण्यातली दिसतात. तुझ्या पुठ्ठ्यात उष्ण कटिबंधातल्या नाना जातींच्या झाडांची सरमिसळ निघाली. असा गोतावळा लागवडीत जमत नाही, तो नैसर्गिक जंगलातच भेटतो. बोट गेलं इंडोनेशियातल्या एशिया पल्प अँड पेपर या कंपनीकडे. मग ग्रीनपीसचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियात तुला बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या मुख्यालयावर चढले आणि तिथे भलामोठा फलक लावून तुझा मित्र केन याच्या तोंडून ताटातूट जाहीर करवली. तुमचं फेब्रुवारीतच कुठे पुन्हा जुळलं होतं!

तुझ्या माहेरचा यात काय दोष? मॅटेल थोडीच झाडं तोडते? मॅटेल खोकं मागवते. खोकेवाला पुठ्ठा मागवतो, पुठ्ठेवाला लगदा, लगदेवाला लाकूड आणि लाकूडवाल्याच्या हातात परवाना. सगळ्यांचे हात स्वच्छ. झाडच बहुधा पाय घसरून पडलं असेल. तुझ्या केसांची छटा, टाचांची उंची, डोळ्यांची निळाई, सगळं तिथे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ठरवतं. तीच नजर गुलाबी रंगाच्या थराखाली पोचली की मात्र मिटते. लाजाळू असेल.

जंगल गेलं तिथे अकेशियाच्या सरळ रांगा लागल्या. वरून पाहिलं तर हिरवंच दिसतं, तक्रार कसली करायची? सुमात्राच्या वाघांना तेवढं रांगेत राहायला जमलं नाही. रानात ते आता जेमतेम काहीशे उरलेत.

आणि गंमत ऐक. पुरवठ्याची साखळी इतकी लांब की तिचा थांग लागत नाही, असं कंपन्या एरवी सांगतात. इथे बोंबाबोंब होताच मॅटेलने काही दिवसांत पुरवठादारांना त्या कंपनीचा लगदा थांबवायला सांगितलं. ऑक्टोबरात धोरणही आलं: कागदी वेष्टनांपैकी 70 टक्के 2011 अखेर आणि 85 टक्के 2015 अखेर पुनर्वापरातल्या किंवा जंगल राखून मिळवलेल्या तंतूंची. चार महिन्यांत थांग लागला! पुढे फेब्रुवारी 2013 मध्ये खुद्द एशिया पल्प अँड पेपरनेही नैसर्गिक जंगलाची तोड थांबवल्याचं जाहीर केलं. मॅटेलच्या उरलेल्या 15 टक्क्यांत काय काय बसतं, ते तू सवडीने विचारून ठेव.

एक छोटं काम करशील? 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही, लहान भाग घशात अडकून गुदमरण्याचा धोका' ही सूचना खोक्यावर असते. तिच्या शेजारी पुठ्ठा कुठल्या जंगलातला, कुठल्या गिरणीतला, एवढं छापायला सांग. जागा आहे, तुझं नाव जरा बारीक टायपात घेतलं तरी तू ओळखू येशील.

कळावे, लोभ असावा.
तुझा,
पीळ सोडवणारा एक काका

ता. क. केनला नमस्कार. पर्यावरणासाठी त्याने मोडलेलं नातं फार गाजलं. पण तोही मॅटेलचाच, आणि तोही खोक्यातूनच येतो. त्याचा पुठ्ठा कुणी तपासला का, ते उलट टपाली कळव.